देवाला सिनेमा दाखवणारा बेंग-तोक

खू बेंग-तोक देवांना सिनेमा दाखवायचा. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात, पण आमच्या उसाच्या मुलखात त्यात नवल काही नव्हतं. कोणाचा नवस पुरा झाला की तो देवळासमोर सिनेमा लावी आणि बेंग-तोकला सांगावा जाई. तो आपल्या तीनचाकी गाडीतून यंत्र, पडदा आणि बांबू घेऊन यायचा. पडदा उभा करायचा तो देवळाच्या दाराकडे तोंड करून, कारण बघणारा आत बसलेला. पुढची रांग त्याच्यासाठी मोकळी. उदबत्ती लावायची, फटाक्यांची एक माळ उडवायची, आठ सिद्धपुरुषांची छोटी फीत दाखवून देवाला आवतण द्यायचं आणि मग मुख्य खेळ. माणसं आली तर मागं बसत. नाही आली तरी खेळ व्हायचाच.

हाडकुळा माणूस, दिवसभर सुपारी चघळणारा. सिनेमा तो स्वतः कधी बघत नसे, यंत्राच्या आवाजाकडे कान लावून पालथ्या खोक्यावर बसून राही. एकदा लावलेला खेळ मधे थांबवायचा नाही, एवढा एकच त्याचा नेम. "पाहुणा जेवत असताना कोणी ताट उचलतं का?" म्हणायचा. एकदा वादळी वाऱ्यानं पडदा उडून शेतात गेला. हा पडदा शोधायला पळाला, पण यंत्र चालूच ठेवलं. तलवारबाजीचा एक अख्खा प्रसंग आम्ही उभ्या उसावर पाहिला. खोटं सांगत नाही, पडद्यापेक्षा बरा दिसला.

मी तेव्हा देवळासमोर उकडलेल्या शेंगा विकत असे, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गावात किम-थो नावाची विधवा बाई होती, बदकं पाळायची. तिच्या एकुलत्या एका पोराची, सुन-गीची, सैन्यात जायची पाळी आली. कोणाला कुठं पाठवायचं ते चिठ्ठी काढून ठरे, आणि समुद्रापलीकडच्या बेटांची चिठ्ठी निघाली की आयांचा जीव जाई, कारण तिकडे तोफा होत्या. किम-थोनं आमच्या गावदेवाला, भुईआजोबांना, नवस केला: पोराला इकडचीच चिठ्ठी निघू दे, सिनेमा लावीन. चिठ्ठी इकडचीच निघाली. आता नवस फेडायचा तो पोरगं जायच्या आधी. नवस न फेडता तो गेला तर आजोबा दिलेलं परत घेतील आणि पोराला बोटीत बसवतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

बेंग-तोकनं शहरातून तलवारीचा सिनेमा मागवला होता, पण डब्यात निघाला भलताच. ते कळलं खेळ सुरू झाल्यावर. पडद्यावर आला तो मालधक्क्यावर पोती मोजणारा एक कारकून, साधा, बायकोला भिणारा. तो देवळात काहीतरी मागतो. आतला म्हातारा देव पेंगत असतो, आणि पेंगेतच अर्जावर भलता शिक्का मारतो: मागेल ते, मागेल तितकं. झालं! कारकून म्हणतो, सगळ्यांनी मला मान द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याला दारातून आत जाता येत नाही, कारण सगळे वाकून 'आधी आपण, आधी आपण' म्हणत दार अडवून उभे. सासूनं गप्प बसावं म्हणतो, तर सगळ्या गावाची वाचा बसते, आणि चोर शिरला तरी ओरडायला कोणी नाही.

लोक हसले असते, पण त्या पेंगणाऱ्या देवाला पांढरी दाढी, गोल पोट आणि हातात गाठीची काठी होती. हुबेहूब आमचे भुईआजोबा!

देवळाचे पंच लिआउतात्या ताडकन उठले. "बंद कर! बंद कर आधी! देवाला देवाचीच टिंगल दाखवतोस होय रे?"

"तात्या, आता खेळ लागला," बेंग-तोक म्हणाला. "आजोबा बघतायत."

"बघतायत म्हणूनच बंद कर म्हणतोय!"

"मग तुम्ही आत जाऊन त्यांना सांगा. मी नाही सांगणार."

तात्या आत गेले नाहीत. माणसं मात्र एकेक करून घरी सटकली, देव चिडला तर आपण तिथं नको म्हणून. किम-थो तेवढी हलली नाही. ती पडद्याकडे पाठ करून, हात जोडून, गाभाऱ्याकडे बघत उभी होती.

खेळ संपला. तिनं कौल लावला. आमचा कौल दोन लाकडी तुकड्यांचा. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर, चंद्रकोरीसारखे. एक सपाट नि एक फुगीर वर आला की होकार, दोन्ही फुगीर वर आले की नकार. आणि दोन्ही सपाट वर आले, तर देव हसला, उत्तर दिलं नाही.

"आजोबा, नवस फिटला का?"

दोन्ही सपाट. पुन्हा टाकले, दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

"आपल्यावर हसतायत," तात्या म्हणाले. "हा राग आहे. राग कधी कधी असाच असतो."

"सिनेमाला हसत असतील," बेंग-तोक म्हणाला.

"तू गप्प बस! तुझ्या डब्यानं केलंय हे सगळं."

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं फुकटात खरा तलवारीचा सिनेमा लावला. कौल लावला, तर आजोबा हसतच होते. आणि पोराची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी.

सुन-गी प्रवासाची पिशवी देवापुढे ठेवायला घेऊन आला होता, ती किम-थोनं त्याच्या हातातून काढून घेतली. "नवस फिटल्याशिवाय तू उंबरा ओलांडायचा नाहीस."

"अगं आई, शिपाई येतील धरायला."

"येऊ देत. बदकं सोडीन अंगावर."

"बदकं?"

"चावतात. तुला ठाऊक नाही?"

बोलली खरी, पण पोरगं गेलं नाही तर तुरुंग, गेलं तर बोट. दोन्हीकडून तिचंच मरण. बेंग-तोक तारा गुंडाळत होता. सगळे आपल्याकडेच बघतायत हे पाहून त्यानं सुपारी थुंकली.

"वहिनी, फिटला का, फिटला का, हे विचारणं सोडा. आजोबांना काय हवंय ते विचारा."

"देवाला विचारायचं?" तात्या म्हणाले. "मागायचं आपण, द्यायचं त्यांनी! उलटी गंगा कुठली काढलीस?"

"रोज शंभर जण मागायलाच येतात. एखाद्यानं विचारलं तर बिघडलं कुठं?"

किम-थोनं तुकडे उचलले. डुकराचं मस्तक हवंय का? नकार. देवळाला नवी कौलं? नकार. दुसरा सिनेमा? नकार, तोही असा जोरात, की एक तुकडा तात्यांच्या पायाशी जाऊन पडला.

"कालचाच?" तिनं घाबरत विचारलं. "तो पेंगणारा?"

एक सपाट, एक फुगीर. होकार. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. तिन्ही आले.

"आत्ता लावू?" बेंग-तोकनं विचारलं. नकार. उद्या? नकार. पुढच्या महिन्यात? नकार.

तो वैतागला. त्याला पुढच्या गावच्या देवळात पोचायचं होतं. "मग कधी येऊ ते तरी सांगा! हे पोरगं परत आल्यावर लावू का?"

किम-थोच्या हातात तुकडे तसेच राहिले. हे विचारायची तिची छाती झाली नसती. ती टाकेना, तेव्हा सुन-गीनंच तिच्या हातातून घेऊन टाकले.

होकार. उचलून टाकले, होकार. तिसऱ्यांदा तुकडे घरंगळत लांब गेले, आम्ही सगळे वाकून बघायला धावलो. होकार!

मग किम-थोनं पिशवी पोराच्या हातात दिली. "घे. आणि वेळेवर परत ये, आजोबा खोळंबलेत." सकाळी देवळातल्या अंगाऱ्याची लाल पुडी त्याच्या गळ्यात बांधून तिनं त्याला गाडीत बसवलं. रडली ती नंतर, बदकांत.

शहरातल्या मालकानं तो सिनेमा परत मागितला. बेंग-तोकनं दिला नाही. 'देवानं राखून ठेवलाय' असं उत्तर पाठवलं. मालकही देवभोळाच, गप्प बसला.

सैन्यातली मुदत भरल्यावर सुन-गी परतला तो काळा, वाळलेला आणि झोपेला आलेला. आईनं त्याला डुकराच्या पायाच्या रश्श्यातल्या शेवया खाऊ घातल्या, आणि संध्याकाळी सिनेमा लागला. या खेपेला गाव आलं, आणि पोट धरून हसलं. लिआउतात्यांना तर ठसका लागला. कौलात पहिल्याच फेकीला होकार आला. नवस फिटला.

बेंग-तोक बांबू सोडायला उठला, तर किम-थो त्याच्या खोक्याशी येऊन उभी.

"भावजी, पुन्हा लावता का?"

"आता कशाला? आजोबांचं झालं की."

"मी बघितलाच नाही हो. सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडेच बघत होते."

इतक्या वर्षांत माणसानं स्वतःसाठी त्याला सिनेमा लावायला सांगण्याची ही पहिली वेळ. त्यानं डोकं खाजवलं, फीत उलटी गुंडाळली आणि सुरुवातीपासून लावला. किम-थो बाकावर बसली. गाव घरी गेलं होतं. शेजारी सुन-गी तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. 'आधी आपण, आधी आपण' आलं तेव्हा तिला इतकं हसू फुटलं, की पोरगं जागं होऊ नये म्हणून तिनं तोंडात बाही कोंबली, आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं घट्ट धरून ठेवलं.