दादाच्या अंगात भरलेला धातू

डॉक्टर ‘ल्युटेशियम’ म्हणाले तेव्हा दादानं माझ्याकडं बघितलं. पुण्याच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो: दादा, वहिनी आणि मी.

“ह्ये तुझ्यातलंच न्हवं?” तो म्हणाला.

माझ्यातलं म्हणजे रसायनशास्त्रातलं. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात ते शिकवते. दादाचं कागलला लेथचं वर्कशॉप. आतड्यात गाठ निघाली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचली होती आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आता हे किरणोत्सारी औषध उरलं होतं, दुसरं काही नाही.

परतताना साताऱ्याच्या पुढं त्यानं गाडीतच विचारलं, “कसला धातू ह्यो? मऊ का कडक?”

मी सांगितलं, चांदीसारखा पांढरा. आवर्तसारणीच्या खाली ज्या दोन वेगळ्या ओळी काढतात, त्यांतल्या वरच्या ओळीतला शेवटचा. त्या ओळीच्या सुरुवातीचे धातू सुरीनं कापता येतात, हा नाही. त्यांच्यात हाच सगळ्यात जड, सगळ्यात कठीण. वितळायलाही लोखंडापेक्षा जास्त आच लागते.

“लेथवर कापताना ह्याची चिप कशी निघत असंल, लांब का भुगा?”

“मी कधी बघितलाच नाही रे दादा. नुसता शिकवलाय.”

नावाला दुर्मिळ, पण जमिनीत चांदीपेक्षा जास्त आहे, हेही मी सांगितलं. फक्त कुठं एका जागी सापडत नाही. दुसऱ्या धातूंत असा मिसळलेला असतो की वेगळा काढता काढता जीव जातो.

बोलून गेले आणि आरशात बघितलं. मागच्या सीटवर वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

दादानंच पुन्हा विचारलं, मग तो गाठीपर्यंत जातो कसा? मी समजावलं. औषधातला ल्युटेशियम किरण सोडणारा असतो. त्याला पिंजऱ्यासारख्या एका रेणूत बसवतात आणि पिंजऱ्याला दुसरा रेणू जोडतात. तो दुसरा रेणू गाठीच्या पेशींना जाऊन अडकतो. मग बहुतेक किरण तिथंच पडतात, लांब जात नाहीत.

“म्हंजे लेथच्या जबड्यात, चकमधी, लोखंडाचा तुकडा धरतो तसं,” दादा म्हणाला. “धरला की मग कापायचं.”

“हो. तसंच.”

त्याला ते पटलं. कागल येईपर्यंत तो झोपला.

पुण्याच्या हॉस्पिटलात औषध शिशाच्या डब्यातून आलं. आम्हाला बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी दादा चालत बाहेर आला, चेहरा उतरलेला, पण म्हणाला, “रंग न्हाय, वास न्हाय. निस्तं पानी. मला वाटलं, काय तरी चमकंल.”

या धातूच्या क्षारांना रंग नसतो. त्याच ओळीतल्या दुसऱ्यांचे गुलाबी, हिरवे असतात, याचे नाहीत. मी हे सांगितलं आणि तो हसला. मला त्या हसण्यानं फार बरं वाटलं.

थोडे किरण अंगाबाहेरही येतात, म्हणून घरी आल्यावर काही दिवस त्याच्या लहान नातीला जवळ घ्यायचं नव्हतं. तो वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसायचा. नात फाटकाशी उभी राहून ओरडायची, “आजोबा, मी येऊ का?” आणि तो तिथूनच हात हलवायचा, “थांब, थांब. अजून न्हाय.” त्या महिन्यात त्याला भूक लागायला लागली. वहिनीनं भाकरी चुलीवर करायला घेतली. आम्ही सगळेच थोडे फसलो.

दुसऱ्या डोसनंतर पुन्हा स्कॅन झाला. अंगात गेलेलं औषध कुठं जाऊन बसलं, ते त्याच्याच किरणांवरून चित्रात दिसतं. डॉक्टरांनी दोन्ही डोसांनंतरची चित्रं शेजारी लावली. पहिल्यात यकृतावर काळे ठिपके होते. दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी काहीच नव्हतं.

“गाठी गेल्या?” दादानं विचारलं. खुर्चीत पुढं सरकला होता.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “गाठी आहेत. सीटी स्कॅनमध्ये वाढलेल्या दिसतायत. पण त्यांनी रूप बदललंय. औषधाला धरायला त्यांच्यावर जागाच राहिली नाही.”

दादा माझ्याकडं वळला. “तू सांग.”

मला आकडे माहीत होते, रचना माहीत होती, तो पिंजरा मी फळ्यावर कितीदा काढला होता. त्यातलं काहीही त्या क्षणी कामाचं नव्हतं.

“ते म्हणतात तसंच आहे, दादा.”

त्यानंतर त्यानं मला धातूबद्दल काही विचारलं नाही. वर्कशॉपची मशिनं पुसून घेतली, तेल लावलं आणि शटर ओढलं. भाकरी तशीच ताटात राहायला लागली. उन्हाळा संपायच्या आत तो गेला.

रक्षा सावडायला आम्ही सकाळी दूधगंगा नदीच्या काठावर गेलो. वहिनी राखेपाशी वाकली आणि हात मागं घेऊन उभी राहिली.

“ह्यात त्ये औषध असंल न्हवं?” ती हळूच म्हणाली. “नातीला हितं आनलंय.”

“नाही, वहिनी. दर सहा-सात दिवसांनी निम्मं होत जातं ते. केव्हाच संपलं.”

“संपतं म्हंजे जातं कुठं?”

“त्याचा दुसरा धातू होतो. साधा. त्याला किरण नसतात. आणि तोही इतका कमी की शोधून सापडायचा नाही.”

“म्हंजे कायबी न्हाय उरलं.”

“काही नाही.”

मग तिनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी राख गोळा करायला लागली. मी तिच्या शेजारी बसले.