चढाची धाप

मुलाच्या आईनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, पिळलं आणि माझ्या आक्काचा गाल खसाखसा घासला. पावडर लावलीय का ते बघायला. भरल्या घरात, सगळ्यांसमोर. मग ते टोक उजेडाला धरून बघितलं. त्याला काहीच लागलं नव्हतं.

"रंग पक्का हाय की गं हिचा," ती म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

आक्का पाटावर बसली होती. पाण्याचा ओघळ गळ्यापर्यंत गेला, तरी तिनं पुसला नाही. मी दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं गाव माले. चांगली खाचरं आजाच्या काळातच धरणात गेलेली, उरलेल्या तुकड्यात भात व्हायचा. बघायला आलेले लोक पिरंगुटचे. त्यांची थोडी जमीन कारखान्याला गेली होती. घर स्लॅबचं, दारात जीप, मुलगा कारखान्यात कायम. असलं स्थळ आमच्या उंबऱ्याला आलं म्हणून आमचे वडील, आबा, सकाळपासून हात जोडूनच वावरत होते. आक्का उन्हात भाताच्या रोपांसाठी राब भाजायची, आवणीला रोपं लावताना चिखलात सगळ्यांच्या पुढं असायची. त्या लोकांना कामाची सून हवी होती. फक्त ती कामानं रापलेली नको होती.

नकार आला नाही. अट आली. मुलाच्या आईचा मावसभाऊ पुण्यात डॉक्टर होता. त्याच्याकडं परदेशातनं आलेली सुई होती म्हणे.

"पोरी उजळत्यात तिनं," ती आबांना म्हणाली. "तेवढी घ्या, मग हळदीचं बघू."

आक्काला दमा होता. पण हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही. दम्याची पोरगी कोण करून घेतंय? थंडीत ती गुडघ्यांवर डोकं ठेवून बसून राहायची, छातीतून शिट्टी वाजायची. शेजारीण डोकावली की आई सांगायची, "भारा घिऊन चढ चढली न्हवं, चढाची धाप हाय." मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. आक्कासुद्धा.

सुई द्यायचं ठरलं ते त्यांच्याच घरी, पिरंगुटला. आक्काला पलंगावर निजवलं. होणारी सासू, तिच्या जावा, माझी आत्या, आई, मी, सगळ्या त्या खोलीत. डॉक्टरनं सुई भरता भरता विचारलं, "काही आजार वगैरे?" आक्काकडं न बघता, आईकडं बघून.

अशा खोलीत खरं कोण बोलणार?

"न्हाई न्हाई. पोरगी ठणठणीत हाय," आई म्हणाली.

मी म्हणाले, "तिला धाप लागती."

"चढाची," आई लगेच म्हणाली आणि हसली.

"चढाला मलाही लागते," डॉक्टर म्हणाला. सगळ्या हसल्या. त्यानं शिरेत सुई घातली, भरभर रिकामी केली आणि हात धुऊन जेवायला गेला. आत त्याचं पान वाढलेलं होतं.

जरा वेळानं आक्का मान खाजवायला लागली. मग दंड. कान लालबुंद झाले. पापण्या जडावल्या, तोंडावर लाली चढली.

"बघा, बघा, रंग फुटतोय!" होणारी सासू ओरडली. बाया पलंगाभोवती जमल्या. आईनं आक्काच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आत्यानं आरसा आणून तिच्या हातात दिला.

आक्कानं आरशात बघितलं आणि हसली. माझी आक्का हसली हो! तिलाही वाटलं, आपण गोऱ्या होतोय.

मग छातीतली शिट्टी सुरू झाली. आरसा तिच्या हातून पलंगावर पडला. "आये, दम..." एवढंच म्हणाली.

मी जेवणघरात धावले. "चला, तिला दम घेता येईना!"

डॉक्टरनं मानसुद्धा वर केली नाही. "घाबरली असेल. पाणी पाजा. एवढा भात संपवून आलोच."

तो आला तेव्हा आक्काचे ओठ निळे पडले होते. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. बॅग उपडी केली. उलटलेल्या सुईवरचा उतारा तिच्यात नव्हताच. जीप काढा म्हणाला आणि स्वतः मागंच राहिला.

घोटावड्याच्या फाट्यापाशी, माझ्या मांडीवर, तिचा श्वास थांबला.

तरी आम्ही तिला पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी रिकामी कुपी मुठीत धरून नेली होती, काय टोचलं ते विचारतील म्हणून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कुपीवरचं नाव वाचलं. ग्लुटाथायोन. मग मला विचारलं, "हिला दमा होता?"

"व्हय," मी म्हणाले. आई भिंतीला धरून खाली बसली.

बाईंनी मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, हे विष नाही. काही आजारांत डॉक्टर देतात. पण आधी माणसाला एकटं घेऊन विचारायचं असतं, दमा आहे का, कसली ॲलर्जी आहे का. सावकाश द्यायचं, दिल्यावर त्याच्याजवळ बसायचं, उतारा हाताशी ठेवायचा. "आणि रंगासाठी द्यायचंच नसतं," त्या म्हणाल्या. एवढं साधं होतं सगळं. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी बहीण गेली.

दहाव्याला पिरंगुटची माणसं आली. मुलाच्या आईनं डोळ्याला पदर लावला.

"पोरीचं नशीब," ती म्हणाली. आणि लगेच आबांना म्हणाली, "झालं ते झालं. आता धाकटीला उभी करा. हिचा रंग जरा बरा हाय, हिला सुईबी थोडी लागंल."

आबांनी मान खाली घातली. आईचा हात माझ्या डोक्यावर आला आणि पदर सारखा करायला लागला. एक लेक चितेवर गेली होती, आणि ती दुसरीला उजवायला निघाली होती. मला तिची कीव आली आणि संतापही आला. मी तो हात बाजूला केला.

"आक्काला दमा व्हता," मी म्हणाले.

आत्या खेकसली, "तोंड आवर!"

"आन् मलाबी हाय. चढाची धाप न्हाई, दमा. सांगा पिरंगुटात. समद्या सोयऱ्यांत सांगा."

खरंच होतं ते. मलाही थंडीत शिट्टी वाजायची. आईनं मलाही तोच शब्द शिकवला होता.

मुलाच्या आईनं पदर झटकला. "दम्याच्या पोरी गळ्यात मारीत व्हते!" म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

आई कपाळ बडवून रडली. "आता तुला कोण पत्करंल गं?"

"नको पत्करू दे," मी म्हणाले.

आमच्याकडं अजून म्हणतात, थोरलीचं नशीब फुटकं. मी म्हणू देत नाही. नशिबानं नाही गेली ती. रंगाचा सौदा करणाऱ्यांनी मारली, भात संपवत बसलेल्यानं मारली, आणि खरा शब्द तोंडात धरून हसणाऱ्या आमच्या भीतीनं मारली. हे मी आईला तोंडावर सांगितलं. पुण्यात त्या डॉक्टरच्या दारात उभं राहून, पेशंट बसलेले असताना सांगितलं. दम असेपर्यंत सांगणार आहे.