टाळीमामांची खोड

विद्यापीठाच्या सभागृहातल्या शिपायाला सगळे टाळीमामा म्हणत. साहेबांचं भाषण संपलं की मागून पहिली टाळी यांची, मग अख्खं सभागृह वाजवी. बायको चिडवायची, "झोपेतसुद्धा वाजवता हो!"

एकदा कुलसचिव कर्मचारी संघटनेच्या सभेत आले. "निवृत्तांचा औषधखर्च यापुढे विद्यापीठ देणार नाही," एवढं बोलून थांबले. आवाज उतरला तसे मामांचे हात आपोआप वाजले आणि मागोमाग, नेहमीच्या सवयीने, सगळ्यांचे!

"वा! म्हणजे संमती आहे तर," म्हणत साहेब उठलेच.

पुढच्या रांगेतला निवृत्त लिफ्टमन मागे वळला. मामांचा जिवलग, आणि त्याच्या बायकोचं डायलिसिस त्याच खर्चावर चाललेलं. "वाजव रे मामा, अजून वाजव!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मामांना झालं. तरी ते दारात आडवे आले. "साहेब, ती संमती नव्हती. माझ्या हातांची खोड आहे. माझी टाळी ऐकून बाकीच्यांनी वाजवली."

लोक खो खो हसले. साहेबांना परत बसावं लागलं, बोलणी सुरू झाली. लिफ्टमनशेजारची खुर्ची रिकामी होती, पण मामा हात खिशात कोंबून भिंतीशीच उभे राहिले.