नाल्याच्या खालच्या अंगानं

मुलचेऱ्याहून फोन आला तेव्हा माझा एक पाय कंपनीच्या बसच्या पायरीवर होता आणि दुसरा अजून ऊर्जानगरच्या रस्त्यावर. पलीकडून कुणी अनोळखी माणूस बंगाली वळणाच्या हिंदीत सांगत होता की टायरवाले रफीकभाई आमच्या गावात आले होते, त्यांच्या छातीत दुखायला लागलं, जीपमध्ये घालून चंद्रपूरकडे निघालोय, त्यांच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव वर दिसलं म्हणून तुम्हाला लावला. मी बस सोडली. मोटारसायकल काढली आणि बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी असा निघालो. जिथे रेंज मिळेल तिथे थांबून फोन लावायचा, तो लागायचा नाही, की पुन्हा किक मारायची. गोंडपिपरी ओलांडल्यावर जंगलाच्या पट्ट्यात समोरून ती जीप आली. मी दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरने जीप कडेला घेतली, खाली उतरला आणि इंजिन बंद केलं. दवाखान्याच्या घाईत असलेला माणूस इंजिन बंद करत नाही. मला कळायचं ते तिथेच कळलं...

परवा त्याचा चाळिसावा, म्हणजे मरणानंतरचा चाळिसावा दिवस, झाला. जेवायला आलेल्यांपैकी निम्मे लोक त्याला अजून ‘ऑस्ट्रेलियावाला रफीक’च म्हणत होते. मला या नावाची पहिल्यापासून चीड आहे. कुणी म्हणे कांगारू पाहून आला, कुणी म्हणे गोरी बायको करणार होता, एकाने तर तिकडे त्याची मेंढ्यांची शेती असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. रफीक हसून सोडून द्यायचा. मी सोडणारा नाही. तो तिकडे काय पाहून आला हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय आणि इथे बल्लारपुरात त्याच्या आईबापाने काय सोसलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो आहे.

रफीकच्या अब्बांचं टायरचं दुकान होतं. माझे वडील शेतकरी, गाव कोठारीजवळ, आमच्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं की अब्बांकडे. तिथून आमची दोस्ती. अब्बा तरुणपणी बांबूच्या ट्रकवर होते, जंगलाचे कोपरे न् कोपरे त्यांना माहीत. एकदा मोहफुलांच्या दिवसांत मी आणि रफीक हुंदडत आत शिरलो आणि वाट चुकलो. मी रडकुंडीला आलो होतो. रफीक मात्र अब्बांचं बोलणं पाठ म्हटल्यासारखं म्हणत होता, “नाला पाहू पहिले. नाला धरला का खालच्या अंगानं उतरत जायचं. नाला नदीले जाते, नदी गावाले जाते.” आणि खरंच, नाल्याने उतरत उतरत आम्ही एका गावाच्या पाणवठ्यावर निघालो. तिथल्या बायकांनी आमची जी हजेरी घेतली ती आठवून आम्ही पुढे कित्येक वर्षं हसायचो. आमच्या भागात हे सगळ्यांनाच माहीत असतं, कुणी मुद्दाम शिकवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्याच्या मावशीचा मुलगा सलीमभाई ॲडलेडला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये चांगला स्थिरावला होता. त्याने बोलावलं, “ये, दुनिया पाहून जा.” रफीक तेव्हा विशीतला, बारावीनंतर दुकानात टायर खोलत बसलेला. अब्बा लगेच हो म्हणाले. अम्मी म्हणाली, “पाहून ये. पन पाहूनच ये.” तिला काय म्हणायचं होतं ते घरात सगळ्यांना कळलं. दर शुक्रवारी नमाजनंतर दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. अब्बा, अम्मी आणि त्या दिवशी सुटी असली तर मी, असे आम्ही स्टुलांवर बसायचो. समुद्र पाहिला, म्हणायचा, आणि तो केवढा ते सांगता न आल्याने दुसऱ्या गोष्टीवर जायचा. रस्त्याच्या कडेला कांगारू आपल्याकडच्या कुत्र्यांसारखे गाडीखाली येऊन मेलेले दिसतात, हे ऐकून अम्मीला फार वाईट वाटलं. उत्तरेला कुठेतरी उन्हापायी लोक जमिनीखाली घरं खोदून राहतात, ते पाहून आला तेव्हा तर त्याचं हसू आवरेना. “अब्बा, आपल्याइथी लोक खाणीत पोटासाठी उतरते, अन इथी खाणीत पलंग टाकून झोपून राह्यले!” अब्बांनी हा किस्सा दुकानात येणाऱ्या प्रत्येक कोळसा कामगाराला ऐकवला.

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. अब्बा म्हणाले, फिरत असेल. शनिवारी दुपारी बूथवाला धावत दुकानात आला. सलीमभाई लाइनवर होता. त्याच्या वर्कशॉपमधल्या दोघांबरोबर रफीक उत्तरेच्या कोरड्या डोंगरांकडे गेला होता. ते दोघे गाडीपाशी स्वयंपाक करत बसले, हा ‘जरा पाहून येतो’ म्हणून निघाला, कोणत्या बाजूला ते सांगितलं नाही, आणि परत आला नाही. पोलीस शोधतायत, छोटं विमानही फिरतंय. अब्बांनी हे सगळं ऐकलं आणि आमच्याकडे वळून हसले. मला ते हसणं अजून दिसतं. म्हणाले, “घाबरता काऊन? पोरगं जंगलातलं हाये. नाला धरला असन त्यानं. कोन्या गावात चहा पीत बसला असन.” हेच त्यांनी फोनमध्ये सलीमभाईला सांगितलं. आणि पलीकडून जे उत्तर आलं ते त्यांनी शब्दाशब्दाने मोठ्याने म्हणून दाखवलं, जणू आम्हाला ऐकवल्यावर ते खोटं ठरणार होतं. “इकडचे नाले गावाला जात नाहीत, खालू. मिठाच्या मैदानात जाऊन आटतात. पुढे गावच नाही...”

अब्बा स्टुलावर बसले ते असे बसले की मी त्यांच्या पाठीला हात लावला. ज्या शिकवणीवर त्यांचं उभं आयुष्य निभावलं, तीच धरून पोरगा एकेक पाऊल मरणाकडे चालत होता. अम्मीने त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. ती आष्टीची, वैनगंगेकाठची. फोनवर एरवी ‘बरा आहेस का, जेवलास का’ याच्यापुढे कधी न बोललेली बाई. म्हणाली, “सलीम, ते लोक त्याले कुठी शोधून राह्यले?” रस्त्याच्या बाजूला आणि टेकड्यांवर, सलीमभाई म्हणाला, वाट चुकलेला माणूस उंचावर चढून रस्ता पाहतो म्हणून. अम्मीचा आवाज चढला. “टेकडीवर काऊन जाईन तो? तो वर जानारच नाई. गाडीजवळचा नाला धरा म्हना, अन खालच्या अंगानं पहा. खालीच गेला असन तो. सांग त्यायले. आता सांग, फोन ठेव!” आणि तिने स्वतःच फोन ठेवून दिला.

त्यानंतरची वाट पाहणं माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. बूथवाल्याने दारावर ‘फोन बंद’ असा पुठ्ठा लावला आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. घंटी वाजायची, आम्ही तिघे उभे राहायचो, आणि निघायची कुणाची तरी नागपूरची सासू. अब्बा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, “मीच सांगितलं ना रे त्याले? लहानपनी मीच सांगितलं ना?” अम्मी पाणी पीत नव्हती. समोर पेला ठेवला तर बाजूला सारायची. का, ते माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि मग मलाही तिच्यासमोर पाणी पिता येईना.

रविवारी दुपारी सलीमभाईचा आवाज आला तोच रडका. अम्मीने फोन कानाला लावला आणि भिंत धरली. रफीक सापडला होता, जिवंत होता. नाल्याच्या पात्रात, बराच खाली, एका मोठ्या झाडाच्या सावलीत. हाताने वाळू उकरून त्याने झिरा केला होता, उन्हाळ्यात आपल्याकडे नाल्यात करतात तसा, आणि त्यात झिरपणाऱ्या गढूळ पाण्यात ओढणीएवढा रुमाल भिजवून तो चोखत होता. विमानातून झाडांखालचं काही दिसत नव्हतं. माणसं नाल्यातून पायी उतरली म्हणून सापडला. अम्मी ना हसली ना रडली. “त्याले एकदम पानी देऊ नोका म्हना,” एवढंच म्हणाली, पदराने तोंड पुसलं आणि मग समोरचा पेला उचलून घटाघटा प्यायली. अब्बा मात्र बूथच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे हुंदके देत होते. रफीक नंतर त्यांना म्हणायचा, “अब्बा, नाल्यानं गाव नाई देलं, पन पानी तं देलं!” अब्बांचं समाधान होत नसे. त्यांनी त्यानंतर कुणालाही जंगलातला रस्ता सांगितला नाही.

यापुढचं लोकांना पटत नाही. अब्बांनी ‘पहिल्या विमानानं ये’ म्हटलं आणि रफीक नाही म्हणाला. दवाखान्यातून निघाल्यावर त्याने मुक्काम वाढवून घेतला आणि आणखी काही महिने तिकडेच राहिला. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “विलास, आता आलो तं मले जनमभर तो नालाच दिसन. दुसरं काई डोळ्यात भरून आनतो.” तो दक्षिणेच्या किनाऱ्याने फिरला, संध्याकाळी समुद्रातून पेंग्विन रांगेने घरी परततात ते पाहत बसला, ट्राममधून शहरं पालथी घातली. इकडे गावात कुजबुज सुरूच, की गेला तो गेलाच. अम्मी कुणाशी वाद घालत नव्हती. पण त्या महिन्यांत तिचे केस झपाट्याने पांढरे झाले. मग एका सकाळी तो बल्लारपूर स्टेशनवर उतरला, घरी येऊन आंघोळ केली आणि दुकानात जाऊन टायर खोलायला बसला. बस, एवढंच झालं त्याच्या ऑस्ट्रेलियाचं.

एक गोष्ट मात्र तो घेऊन आला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना कोणत्या रस्त्याने चाललोय हे सांगितल्याशिवाय तो जात नसे. “अम्मी, राजुऱ्याले चाललो, पुलावरून.” आतून अम्मी विचारायची, “अन वापस?” “वापस पन पुलावरूनच.” “बरं.” हे ‘बरं’ आल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. कोपऱ्यावर पान आणायला जातानाही हेच. लग्न झाल्यावर भाभी चिडवायची, सुरुवातीला मीही हसायचो. अब्बा गेले, दुकान मोठं झालं, गिऱ्हाइकं गडचिरोलीच्या आतल्या गावांपर्यंत पसरली, पण हे चुकलं नाही. त्या दिवशीही तो सांगून गेला होता. कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, मुलचेरा. वापस त्याच रस्त्यानं.

आला तो त्याच रस्त्याने. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला कब्रस्तानात नेलं. त्यांच्यात बाया तिथवर जात नाहीत, अम्मी घरीच होती. मिट्टी देऊन आम्ही परतलो तर तिने मला आत बोलावलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, भाभी तिच्या पलीकडे. “विलास, बस इथी,” म्हणाली, “कोनत्या रस्त्यानं नेलं त्याले?” मी सांगायला लागलो. मशिदीच्या गल्लीतून निघालो. दुकानासमोर थोडं थांबलो, शटर खाली होतं. मग रेल्वे फाटक. “फाटक उघडं होतं का?” नाही, कोळशाची मालगाडी जात होती, थांबावं लागलं. “तवा खांद्यावरच होता?” खांद्यावरच होता अम्मी, खाली नाही ठेवला. मग कागदाच्या मिलच्या भिंतीच्या कडेने सरळ, तिथून डावीकडे... ती डोळे मिटून मान हलवत होती, आमच्याबरोबर चालत होती म्हणा ना. मी कब्रस्तानाच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि थांबलो. आता पुढचं, ‘अन वापस?’, ती विचारणार, इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडून निघून जाणार, आणि मी काय सांगणार होतो? मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. ते हलले. भाभीने तिचा हात घट्ट धरला.

अम्मीने विचारलं नाही. म्हणाली, “बरं.”