पायरीशी बसणारी कुत्री

कुंभारीण माशीने कुठे मातीचं घर केलेलं दिसलं की मला कर्जतमधली ती तक्रार आठवते. स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ती पाठ सोडत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, कुत्रीचंही नाही.

सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना मुंबईचे एक गृहस्थ पोलीस ठाण्यात आले. फार्महाऊसवरून त्यांची लॅब्रेडोर कुत्री नाहीशी झाली होती. तिचे मागचे पाय अधू झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरातून त्यांनी तिला इथे आणलं होतं. रखवालदार तिला सांभाळायचा, हे रविवारी भेटायला यायचे. खोपोलीच्या एका डॉक्टरांनी तिच्याच अंगातली थोडी चरबी काढून, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करून खुब्याच्या सांध्यात टोचल्या होत्या. झिजलेला सांधा आतून सावरावा म्हणून.

"बरी झाली की घरी नेणार होतो," ते म्हणाले. "पण रखवालदार म्हणतो, काहीच फरक नाही. आज डॉक्टरांकडे फेरतपासणी होती. मला केस वगैरे नको, साहेब. कुत्री तेवढी मिळवून द्या."

आमचे हवालदार गुडघे चोळत ऐकत होते. "साहेब, माझ्या चरबीतनं पण निघतंय का विचारा. माल भरपूर हाय."

दुपारी त्याच हवालदारांना खबर मिळाली. कशेळ्याकडच्या एका जीपवाल्याने आदल्या संध्याकाळी एका बाईबरोबर मोठी पिवळी कुत्री पाहिली होती. पण ती कुत्री स्वतः उडी मारून जीपमध्ये चढली होती. आमची कुत्री तर उभीही राहत नव्हती. मी खबर बाजूला ठेवली.

पंचनाम्याला फार्महाऊसवर गेलो. रखवालदार खालापूरकडचा, चाळिशीचा, हडकुळा माणूस. डोळे रडून सुजलेले.

"ती चालत नाय, सायब. चोरांनी उचलूनच नेली असणार. मीच तिला रोज उचलतो."

"कशी?"

त्याने पडवीतल्या खुंटीवरचा पट्टा दाखवला. जुन्या लुगड्याचा, पदरावर पदर शिवलेला. तो पोटाखालून घालायचा आणि मागचा भाग उचलून धरायचा. मी पट्टा हातात घेतला. घडीत मातीचं घर होतं, कुंभारीण माशीचं. वाळून टणक झालेलं, वर भोकं पडलेली. आतल्या माशा वाढून उडूनही गेल्या होत्या.

रोज वापरातल्या पट्ट्यात माशी घर करत नाही.

त्याला ठाण्यात आणलं. चौकशीत आवाज चढवावा लागला नाही. पट्टा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ती कधीपासून चालते?"

त्याने बोटाने ती माती चाचपली.

"इंजेक्शन दिल्यावर महिन्याभरात उठली. पहिल्यांदा उठली ती चुलीपाशी, माझ्याकडं बघत. सायब यायच्या टायमाला मी तिला उचलून ओट्यावर ठेवायचो. बस म्हटलं की बसायची."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की नेतील ना. दोन वर्षं तिचं हगणं-मुतणं काढलं मी, आणि चालाया लागली की ती त्यांची?" मग हळूच म्हणाला, "डॉक्टरनं बघितलं असतं तर कळलंच असतं. म्हणून बहिणीकडं धाडली."

बहिणीचं गाव कशेळ्याच्या पुढे. मालक, रखवालदार, हवालदार आणि मी गाडीने गेलो. गाडीचं दार उघडताच अंगणातून कुत्री उठली आणि धावत सुटली. मालक दोन्ही हात पसरून पुढे झाले. तिला पळताना ते कितीतरी दिवसांनी बघत होते. ती त्यांच्या बाजूने गेली आणि रखवालदाराच्या छातीवर पाय टेकून उभी राहिली.

मालकांनी हात खाली घेतले. ठाण्यात उतरल्यावर ते म्हणाले, "गुन्हा नोंदवा."

अशा वेळी मी चहा मागवत असे. दोघांना समोर बसवून, एकाचा राग आणि दुसऱ्याची भीती उतरेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत असे. कितीतरी प्रकरणं अशी मिटवली. त्या दिवशी चहा मागवला नाही. नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी म्हणून गुन्हा दाखल केला, त्याला अटक केली. मुद्देमाल, म्हणजे कुत्री, रीतसर मालकांच्या ताब्यात गेली.

कायद्याने माझं काही चुकलं नाही. पण खरं लिहायचं तर, ती त्याच्याकडे धावली तेव्हा मला माझं घर आठवलं होतं. मी घरी गेलो की मुलं टीव्हीचा आवाज कमी करून आतल्या खोलीत जायची. माझ्याकडे असं कुणी कधी धावत आलं नव्हतं. बेडी घालायचा माणूस समोर उभा होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता.

पुढे कोर्टात मालकांनीच तडजोड केली. तोवर त्याची नोकरी गेली होती.

काही महिन्यांनी मालकांचा फोन आला. कुत्री खाते, चालते, डॉक्टर म्हणतात सांधा छान आहे. पण जिना आला की पहिल्या पायरीशी बसते आणि वर बघत राहते. उचलायला गेलं की अंग ताठ करते. ते थांबत थांबत म्हणाले, "तो तिला उचलताना काहीतरी म्हणायचा. तेवढं विचाराल का? मी विचारलं तर सांगणार नाही तो."

रखवालदार तेव्हा मोहोपाड्याला एका बांधकामावर होता, तिथे जाऊन भेटलो. सगळं ऐकून घेतलं त्याने. पायरीशी बसते हे ऐकल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं, त्याला हसू म्हणता येणार नाही.

"काय म्हणायचास रे?"

"नाय सांगणार, सायब." आवाजात उर्मटपणा नव्हता. "बाकी सगळं नेलं त्यांनी. तेवढं माझ्याकडं राहू द्या."

माल कुणाचा, हे कागदावर ठरवता येतं. मी ते आयुष्यभर ठरवत आलो. जीव कुणाचा कुणावर, ते मला ठरवता येत नव्हतं. त्या दिवशी एक चहा मागवला असता, तर ते त्यांचं त्यांनी ठरवलं असतं.

बाहेर येऊन मालकांना फोन लावला. म्हणालो, "त्याला आता आठवत नाही म्हणतो."

नोकरीत खोटा जबाब मी कधी लिहिला नव्हता. हा तोंडी दिला.