न बोलणाऱ्या स्टेशनची हजेरी

माझी सगळी नोकरी भिवंडीच्या कोर्टात कारकुनीत गेली. लोकांचे अर्ज तपासायचे, सह्या जुळतात का बघायचं, एकाच्या नावावर दुसराच तर उभा नाही ना याची खात्री करायची. संशय घेण्याचा मला पगार मिळत होता. निवृत्त झालो तेव्हा पगार थांबला, संशय काही थांबला नाही. बायको म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाचं ओळखपत्र मागाल."

ती ख्रिस्ती, नगरकडची. मी इथला, जुन्या हिंदू वस्तीतला. ओळख झाली ती हौशी रेडिओच्या परीक्षेच्या वेळी, कल्याणला. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरी वायरलेसचा सेट, आमच्या भाषेत स्टेशन, ठेवायचा आणि जगभरच्या अशाच वेड्या लोकांशी गप्पा मारायच्या. परवान्याबरोबर अक्षरं-आकड्यांची एक खूण मिळते. तिला कॉलसाइन म्हणतात. सेटवर बोलायचं तर ती आपल्या तोंडाने सांगायची, हा नियम. ती न सांगता बटण दाबणारा माणूस आम्हा लोकांत चोरच.

लग्नाला दोन्हीकडचे रुसले. पुढे गच्चीवर दोन एरियल उभ्या राहिल्या तेव्हा शेजारीही रुसले. देवाच्या बाबतीत आमचा करार साधा होता. तिचं चर्च तिचं, माझ्या आईचा देव्हारा माझा, आणि कोणी कोणाला ओढायचं नाही. हा करार दोघांनीही पाळला. मला खटकायची ती एकच गोष्ट, तिची रविवार सकाळ.

रविवारी सकाळी महाराष्ट्रभरचे काही ख्रिस्ती हौशी रेडिओवाले ठरलेल्या लहरीवर जमायचे. त्याला ते सहभागिता म्हणायचे. रेडिओवर धर्माचं बोलायचं नाही हा आमचा जुना दंडक, आणि ती मंडळी तो काटेकोर पाळायची. एक जण चालक व्हायचा, एकेकाची कॉलसाइन पुकारायचा, ज्याचा नंबर येईल तो आपला आवाज कसा पोचतो ते विचारायचा, पाऊसपाणी, गुडघेदुखी सांगायचा. हजेरी संपली की सगळे सेट बंद करायचे आणि आपापल्या घरी प्रार्थनेला बसायचे. हवेत देवाचं नावसुद्धा नाही. मला तेच पटत नसे. देवाचं बोलायचं नाही, तर मग ख्रिस्ती तेवढेच का जमता? माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायला इतकी माणसं कशाला लागतात? पण मी ते कधी तिला विचारलं नाही. रविवारी सकाळी मी मासळी आणायला जायचो आणि मुद्दाम सावकाश परत यायचो.

मागच्या वर्षी तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे अगदी मुकी झाली असं नाही. आवाज येतो, पण शब्द जागेवर सापडत नाहीत. पाणी हवं असेल तर "खिडकी" म्हणते आणि आपण चुकलो हे कळून आपल्यावरच चिडते. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा काय म्हणायला शिकायचंय? मुलाचं नाव, नवऱ्याचं नाव? तिने डाव्या हाताने सेटकडे बोट केलं. तिला कॉलसाइन म्हणायची होती. ती पूर्ण म्हणता आली की ती पुन्हा बटण दाबणार होती, त्याआधी नाही. मी म्हटलं, तुझ्या वतीने मी सांगतो की. तिने मान हलवली, नाही म्हणजे नाही. दर दुपारी ती पलंगावर बसून घोकायची. पहिली दोन अक्षरं यायची, पुढे गाडी अडायची. बाकी कशासाठी नाही, पण त्या पाच-सहा अक्षरांसाठी तिला बरं व्हायचं होतं. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, रागही यायचा. इतकी वर्षं संसार केला आणि पहिला नंबर त्या सेटचा.

रविवारी तिच्या खोलीतला सेट मी लावून द्यायचो, ती ऐकत पडायची. एका रविवारी मासळीबाजार बंद होता म्हणून घरी राहिलो आणि हॉलमधल्या माझ्या सेटवर सहज तीच लहर लावली. बाजूच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या मोटारींमुळे आमच्याकडे रेडिओत कायम घरघर असते. त्यातूनही चालकाचा आवाज स्पष्ट येत होता. चालक म्हणजे नगरच्या एक निवृत्त मेट्रन. आवाज असा की पेशंटने गोळी मुकाट गिळावी. त्या एकेकाला पुकारत होत्या आणि माणसं उत्तरं देत होती. मग त्यांनी माझ्या बायकोची कॉलसाइन पुकारली.

शांतता. मला काहीच ऐकू आलं नाही. चांगली मिनिटभर नुसती घरघर. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "मिळालं, भिवंडी. आभारी आहे. पुढचं स्टेशन."

मी कान टवकारले. काय मिळालं? कोणाकडून मिळालं? तिच्या खोलीत डोकावलो. माइक भिंतीवरच्या खुंटीला होता आणि ती डोळे मिटून पडली होती. म्हणजे तिने बटण दाबलेलं नव्हतं. मग भिवंडी म्हणून उत्तर दिलं कोणी?

आता हे नीट ऐका, कारण इथेच माझी अक्कल धावली. आमच्या या लहरींची एक खोड असते. त्या आकाशात जाऊन परत खाली येतात, त्यामुळे नगरचा माणूस खणखणीत ऐकू येतो आणि पंधरावीस किलोमीटरवरचा अजिबात येत नाही. मेट्रनबाईंना जे स्टेशन ऐकू आलं ते मला आलं नव्हतं. याचा सरळ अर्थ, ते माझ्या जवळपास होतं. कोणीतरी भिवंडी तालुक्यातच बसून माझ्या बायकोची कॉलसाइन चोरून वापरत होता. साक्षीदार नाही, पण पुरावा पक्का. साधा माणूस म्हणाला असता की ऐकू आलं नाही म्हणजे कोणी बोललं नाही. रेडिओवाल्याचं डोकं तसं चालत नाही.

मी हादरलो. उद्या कोणी तक्रार केली तर चौकशी परवानाधारकाची, म्हणजे तिची. परवाना अडकला, तर ती दुपारभर घोकते ती अक्षरं कशाला? तिला हे कळता कामा नये असं मी ठरवलं. तरी संध्याकाळी आडून विचारलंच. "आज तुझं स्टेशन कोणी बोललं का?"

तिने मान हलवली, हो.

"कोण?"

तिने डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, बिचारीचा मेंदूच गडबडलाय.

पुढच्या रविवारपासून माझी शोधमोहीम सुरू झाली. लाकडी चौकटीवर तार गुंडाळून दिशा शोधणारी एरियल बनवली, छोटा रिसीव्हर पिशवीत टाकला आणि स्कूटरवरून आधी खारबावला गेलो. रेल्वे स्टेशनबाहेर चौकट फिरवत उभा राहिलो. मेट्रनबाईंनी पुकारलं, मग शांतता, मग "मिळालं, भिवंडी." मला काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी अंबाडी. नाक्यावर भाजीवाल्यांनी मला पाहून टोपल्या आवरायला घेतल्या, त्यांना वाटलं अतिक्रमणवाला आलाय. चोर तिथेही सापडला नाही. मग कशेळीच्या बाजूला गोदामांच्या मागे जाऊन उभा राहिलो, तर एक मागवाला शेठ आपल्या कारखान्यातून लगबगीने बाहेर आला.

"चाचा, किस महकमे से हो?"

मी म्हटलं, "कोणत्याच नाही. रेडिओ ऐकतोय."

"मीटर हमारा नया है, देख लो." त्याने मला चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत माझ्या चौकटीवरची नजर हलवली नाही. मीही त्याच्या गच्चीवरच्या तारेवरून नजर हलवली नाही. ती कपडे वाळत घालायची तार निघाली.

घरीही वेगळं नव्हतं. बायकोला सांभाळायला अंबाडीकडच्या एक मावशी यायच्या. त्यांनी मला दारातच अडवलं. "सायेब, बाई आजारी हाय आनि तुमी दर आयतवारी साफसूफ होऊन जाता कुठं? बाईला काय सांगू?" त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. या वयात माझ्यावर असाही संशय घेता येतो याचा क्षणभर बराच अभिमान वाटला, मग संताप आला. मी म्हटलं, "कामाला जातो." मावशी म्हणाल्या, "बरं हाय," आणि तो 'बरं' त्यांनी असा काही लांबवला की मी चपला काढायच्या विसरलो.

माझा संशय आता मोठा होत चालला होता. जवळपास चोर नाही, तर मग मेट्रनबाईच काही करताहेत का? हजेरी फुगवून दाखवायची असेल? की बायकोला आपलं माणूस म्हणून धरून ठेवायचं, आणि उद्या काही बरंवाईट झालं की दारात येऊन म्हणायचं, ही आमची? त्या विचाराने मला रात्रीची झोप येईना. मी तिला त्यांच्याबरोबर वाटून घेतलं होतं ते रविवारच्या एका तासापुरतं. जास्त द्यायची माझी तयारी नव्हती.

शेवटी मी मेट्रनबाईंना फोन लावला. कोर्टातला आवाज काढला.

"माझ्या बायकोच्या कॉलसाइनवर कोण बोलतं?"

"कोणी नाही, दाजी."

दाजी. एकदाही भेट नाही आणि मी यांच्या बहिणीचा नवरा. मी म्हटलं, "मग तुम्ही 'मिळालं' कोणाला म्हणता?"

"तिला."

"ती बोलत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर थांबतो. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ सगळे गप्प राहतो. मग पुढे जातो."

"हे खोटं आहे. न ऐकलेलं स्टेशन ऐकलं म्हणायचं नाही, नियम आहे."

"आम्ही 'ऐकलं' म्हणत नाही. 'मिळालं' म्हणतो. ही पद्धत तिनेच पाडली, दाजी. मिरजेच्या एका भाऊंच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं, ते वर्षभर बोलू शकत नव्हते. तेव्हा चालक ती होती. ती दर रविवारी त्यांना पुकारायची आणि थांबायची. आमच्यातल्या एकाने हरकत घेतली, अगदी तुमच्यासारखीच. ती म्हणाली, नंबर त्यांचा आहे, तो मी दुसऱ्याला कसा देऊ? तुम्हाला घरात बोलली नाही का कधी?"

मी फोन ठेवला. बोलली नव्हती, कारण त्या वेळी मी पापलेटचे कल्ले उघडून ताजेपणा तपासत असायचो.

तरीही मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. बायकोसमोर खुर्ची ओढून तिची उलटतपासणी घेतली. मिरजेचे भाऊ खरे? मान हलली, हो. चालक तू होतीस? हो. आणि हल्ली रविवारी तुझ्या नंबराला कोण बोलतं? तिने पुन्हा छातीवर हात ठेवला आणि या वेळी माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न तुम्ही आणखी किती वेळा विचारणार आहात?

पुढच्या रविवारी मी कुठेही गेलो नाही. तिच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी बसलो. मनात एक ठरवलं होतं आणि ते तिला सांगितलं नव्हतं. हे सगळे लोक तिच्यासाठी थांबत होते, आणि मी, तिचा नवरा, परवानाधारक, चांगला बोलणारा माणूस, गप्प का बसावं? तिचं स्टेशन पुकारलं की मी बोलणार होतो. स्वतःची कॉलसाइन सांगून, नियमात राहून. ती इथेच आहे, बरी आहे, तुम्हाला नमस्कार सांगतेय, एवढंच. मला वाटत होतं की ती खूश होईल. त्यांनाही कळेल की या घरात तिच्या बाजूने बोलणारं कोणीतरी आहे.

मेट्रनबाईंनी तिला पुकारलं. मी खुंटीवरचा माइक काढला, बटण दाबलं, घसा खाकरून माझी कॉलसाइन सांगितली आणि म्हणालो, "मी यांचा मिस्टर बोलतोय, यांच्या वतीने..."

बटण सोडताच मेट्रनबाईंचा आवाज आला. अजिबात चढलेला नव्हता.

"दाजी, तुमचं नाव यादीत घेतलंय. हिच्यानंतर तुम्हाला बोलावते. आत्ता तिची वेळ चालू आहे. लहर मोकळी ठेवा."

मी माइक मांडीवर ठेवला. पुढे कोणीच बोललं नाही. नगर, मिरज, आणखी कुठकुठचे, सगळे गप्प होते.

आणि माझ्या शेजारी ती बोलायला लागली. बटणाशिवाय, माइकशिवाय, समोरच्या भिंतीकडे बघत. पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला ती अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडली. डाव्या हाताने चादर घट्ट धरली होती. मी सांगायला वाकलो, तिने मानेनेच मला गप्प केलं. तिसरं अक्षर आलं नाही. "खिडकी," असं काहीतरी म्हणाली, चिडली नाही, दमून थांबली.

"मिळालं, भिवंडी," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्यांना यातलं काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. कोणालाच गेलेलं नव्हतं. दर रविवारी ती या खोलीत असं बोलत होती, आणि ते ऐकून ओळखेल असा साऱ्या महाराष्ट्रात मी एकटाच होतो. मी अंबाडीच्या नाक्यावर तिचा आवाज चोरणाऱ्याला शोधत उभा होतो.