पायाळूचा पाय

"दुखणं कधी थांबलं?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा खाटेवर पडलेला. मी तोऱ्यात सांगितलं, "काल सकाळी. माझ्या पायानं."

त्यांनी एमआरआयचा फोटो बाजूला ठेवला. "बाई, दुखणं थांबलं नाही. नसा बधिर झाल्या आहेत."

आजाराचं नाव कॉडा इक्वायना. मणक्यातली गादी सरकते आणि पायांकडे, लघवीकडे जाणाऱ्या नसांचा झुपका चेपला जातो. ऑपरेशन आजच करायचं होतं. तरी चालतील की नाही, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसानं कंबरेला पाय लावला की चमक जाते, असं आमच्या आसगावात सगळेच मानतात. धानाची रोवणी सुरू झाली की वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया माझ्या अंगणात येत. मला फार मान वाटायचा, खोटं कायले बोलू.

धानाचं पोतं उचलताना यांच्या कंबरेत चमक भरली. कळ मांडीतून टाचेपर्यंत जायची. तीन सकाळी मी पाय लावला, तोही चांगला दाबून. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "आता दुखून नाई राहिलं." मी गल्लीभर सांगत सुटले.

त्याच दुपारी हे बांधावरून आले तर डाव्या पायात चप्पल नव्हती. यांना पत्ताच नव्हता. मी हसले. संध्याकाळी लघवी अडकली, बसायच्या जागी चिमटा काढला तरी कळेना. मग मात्र आम्ही नागपूर गाठलं.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाकावर बसून मी माझे पाय साडीखाली झाकत होते. नंतर विचारलं, "माझ्यामुळे झालं का?" डॉक्टर म्हणाले, "पोत्यानं की पायानं, सांगता येणार नाही. पण दिवस वाया गेले."

लघवी दीड महिन्यानं सुधारली. डावं पाऊल अजून उचललं जात नाही.

परवा शेजारची इंदू कंबर धरून आली. "वहिनी, पाय लाव ना."

मी तिला बसवलं. कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, लघवी नीट होते का, सगळं विचारलं. ती कंटाळली. "थोडासा तर लाव." अंगणातून यांची चप्पल घासत येत होती. इंदूची नजर त्या पायाकडे गेली.

"दुखते ना अजून?" मी विचारलं.

"लय दुखते."

"मंग बरं हाय. दुखते तवरच दवाखान्यात जाय."